मदत हवी आहे: बचत गटांच्या डेटा प्रशिक्षणात शेतकरी बाया गायब

वावरातले_आकडे: यवतमाळ जिल्ह्यातल्या १४ गावांत बचत गटांच्या ताईंचं पाच दिवसांचं डेटा प्रशिक्षण आहे. चार हजार कुटुंबांची माहिती मोबाइलवर भरून झाली. शाश्वत विकास ध्येय ५, म्हणजे स्त्री-पुरुष समानता, धरून गावनिहाय तक्ता करायचा आहे. पण पिव्होट टेबलात (एक्सेल आपोआप करते तो गोषवारा) शेतकरी बाया जवळपास शून्य! निंदणाला वावरात कोण असतं ते सगळ्यांना दिसते. सूत्र चुकलं की फॉर्म? क्षेत्राची बेरीजही भलतीच येते आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) उघडली की मराठीची खिचडी. एक दिवस ‘बिग डेटा’चा (प्रचंड मोठ्या माहितीसाठ्यांचा) आहे, त्यात काय घ्यावं?

तक्तेवाली: फॉर्म. ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ एवढाच रकाना असेल तर बाई तिथंच गळाली. कुटुंब, व्यक्ती, वावर अशी तीन पानं करा, प्रत्येक ओळीला क्रमांक द्या. व्यक्तीच्या पानावर तीन प्रश्न वेगळे ठेवा: सातबाऱ्यावर नाव आहे का, हंगामात कोणती कामं केली (डोबणी म्हणजे बी टोचणं, निंदण, वेचणी, फवारणी), कापसाचे पैसे कुणाच्या खात्यात गेले. तिन्ही उत्तरांतली तफावत हाच तुमचा तक्ता.

उत्तर बाईकडूनच घ्या. ‘काय करता?’ विचारलं की ‘घरीच असते’ येतं. त्याऐवजी काल पहाटे ४ ते आज पहाटे ४ काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासानं विचारा. देशाच्या टाइम यूज (वेळ कशात जातो, त्याच्या) सर्वेक्षणात हीच पद्धत आहे.

हेक्टर_आर: भाऊ, बेरजेचा घोळ एककाचा असावा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, १०० आरचा एक हेक्टर. ०.८१ म्हणजे ८१ आर, साधारण दोन एकर. कुणी ०.८१ एकरच भरलं असेल. रकाना फक्त आरचा ठेवा, एकर हवे तर ४०.४७ ने भागा. मग कापसाचे क्विंटल भागिले एकर करून पाहा. कोरडवाहूत एकरी ३० क्विंटल दिसले तर पीक नाही, एकक चुकलंय.

सीएसव्हीवर डबल क्लिक नको. एक्सेलच्या डेटा मेन्यूतून आणा आणि ६५००१ यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी संकेतपद्धत) निवडा. गावं नावानं जुळवू नका. पिंपळगाव आणि पिंपळगांव संगणकाला दोन गावं वाटतात, आणि एकाच नावाची गावंही ढीगभर. लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा (सरकारच्या गावांच्या यादीचा) कोड वापरा.

ढगाआड: चार हजार ओळी म्हणजे बिग डेटा नव्हे राजेहो, एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ मावतात. त्या दिवशी सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं दाखवा. एक ठिपका १० बाय १० मीटर, म्हणजे नेमका एक आर. एकराचे जेमतेम ४० ठिपके, त्यात धुऱ्यावरचे (बांधावरचे) शेजाऱ्याच्या वावरात मिसळतात, ते सोडा. जुलै-ऑगस्टात ढगच दिसतील, ऑक्टोबरची चित्रं घ्या. कापसातलं तुरीचं तास (ओळ) वेगळं ओळखू येत नाही. पीक कुणी राखलं, हे मात्र तुमच्या व्यक्ती-पानातूनच कळेल. मोबाइल कंपन्यांच्या डेटावर विसंबू नका, सिम बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर.

तक्तेवाली: आणि तक्ता ग्रामसभेत लावणार असाल तर पाचापेक्षा कमी संख्या झाका. ‘विधवा, दोन एकर, १’ लिहिलं की सारं गाव ओळखते. आधार क्रमांक घेऊच नका.

वावरातले_आकडे: एका वावरावर तिघांची नावं असतील तर?

हेक्टर_आर: चौथं पान: व्यक्ती क्रमांक, वावर क्रमांक, नातं. क्षेत्र तिथं लिहू नका, वावराच्याच पानावर राहू द्या. नाहीतर सामाईक वावर तीनदा मोजलं जाईल.