सिनॅप्समधील कॅल्शियम जोडणी बळकटही करते आणि दुर्बलही, ते कसे?

प्रश्न:
एनएमडीए ग्राहींवाटे (संदेश घेणाऱ्या चेतापेशीच्या पटलावरील, आत मार्गिका असलेल्या प्रथिनांवाटे) कॅल्शियम आत शिरले की सिनॅप्सची, म्हणजे दोन चेतापेशींमधील संधीची, जोडणी बळकट होते, असे पाठ्यपुस्तकाच्या एका प्रकरणात आहे. पुढच्याच प्रकरणात जोडणी दुर्बल होण्याचे श्रेयही त्याच कॅल्शियमला दिले आहे. आयन तोच आणि वाटही तीच असताना पेशी हा भेद कसा करते, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १:
भेद प्रामुख्याने प्रमाणात आणि वेगात आहे. विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते आणि बाहेर त्याच्या दहा हजार पटींहून अधिक, त्यामुळे मार्गिका क्षणभर उघडली तरी आतली पातळी झपाट्याने चढते. ही वाढ थोडी पण रेंगाळणारी असेल, तर कमी कॅल्शियमनेही जागे होणारे कॅल्सिन्युरिन हे विकर कामाला लागते आणि एएमपीए ग्राही, म्हणजे संदेश टिपणारी दुसऱ्या प्रकारची प्रथिने, पेशीपटलावरून आत ओढले जातात. वाढ मोठी असेल, तर कॅम-कायनेज २ हे दुसरे विकर सक्रिय होऊन त्या ग्राहींची संख्या वाढते. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील जी बळकटी प्रसिद्ध केली, ती जलद स्पंदांच्या माळेनंतर दिसली होती. अशा माळेनेच पटलाचा विद्युतभार पुरेसा बदलतो आणि एनएमडीए मार्गिका अडवून बसलेला मॅग्नेशियम आयन दूर होतो.

उत्तर २:
वरील विवेचन योग्य आहे, परंतु कॅल्शियम नेमके कोठे चढते, हे माझ्या मते तितकेच निर्णायक आहे. याचा सर्वांत सुंदर पुरावा संदेश पाठवणाऱ्या पेशीत मिळतो. ईजीटीए आणि बाप्टा ही दोन्ही रसायने कॅल्शियमला जवळपास सारख्याच ओढीने धरतात, फक्त बाप्टा कितीतरी अधिक वेगाने धरते. तरीही स्क्विड या सागरी प्राण्याच्या महासिनॅप्समध्ये चेतापारेषकाचे (पुढच्या पेशीपर्यंत संदेश नेणाऱ्या रसायनाचे) उत्सर्जन बाप्टाने रोखले जाते, ईजीटीएने जवळजवळ नाही. याचा अर्थ, मार्गिकेतून आलेले कॅल्शियम ईजीटीएच्या हाती लागण्यापूर्वीच शेजारच्या संवेदक प्रथिनापर्यंत पोहोचलेले असते. संदेश घेणाऱ्या पेशीतही काट्यासारख्या सूक्ष्म उंचवट्याची अरुंद मान कॅल्शियमला त्या एकाच सिनॅप्सपुरते बांधून ठेवते, म्हणून शेजारच्या जोडण्या सहसा बदलत नाहीत.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मग अधिक कॅल्शियम म्हणजे बळकटी, हा नियम संपूर्ण मेंदूसाठी धरावा का?

उत्तर २:
धरू नये. लहान मेंदूतील पर्किंजे पेशींमध्ये, त्यांना संदेश आणणाऱ्या समांतर तंतूंच्या सिनॅप्सवर, तो उलटा आहे: तेथे मोठ्या वाढीने जोडणी दुर्बल होते आणि लहान वाढीने बळकट.