सीमाभागातल्या घरात काय पाहिलं जातं, काय ऐकलं जातं

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात राहणाऱ्यांनी, किंवा इथून बाहेर गेलेल्यांनी, आपल्या आवडत्या सिनेमाबद्दल, मालिकेबद्दल, स्वतःच्या बळावर गाणी करणाऱ्या गायक-बँडबद्दल लिहावं म्हणून हा धागा. 'सर्वोत्तम दहा'सारखी यादी नको. काय आवडलं, कुठं आणि कुणाबरोबर पाहिलं, आणि अजून ते मनातून का जात नाही, एवढं सांगा. नाव नको, गाव लिहा.

सुरुवात मीच करतो. माझा आवडता नट अतुल कुलकर्णी. त्यांचा जन्म बेळगावचा, म्हणून आपुलकी आहेच. पण 'नटरंग'मधला त्यांचा गुणा कागलकर आधी पैलवान म्हणून उभा राहतो आणि मग त्याच अंगानं नाच्या होतो, तेव्हा खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा माणूस बदललेला असतो. त्याच्या आधी, 2007 मध्ये, 'आ दिनगळु' या कन्नड सिनेमात बंगळूरच्या गुन्हेगारी जगातून लेखनाकडे वळलेल्या अग्नी श्रीधर यांची भूमिका त्यांनी केली. तिथं आवाज चढत नाही, सगळं काम नजर करते. दोन्ही सिनेमे सबटायटल न वाचता पाहता येतात, हे आपल्या भागातल्या प्रेक्षकाचं मोठं भाग्य आहे असं मी मानतो. मराठी की कानडी हा वाद मोर्चात होतो, कचेरीत होतो. टीव्हीपुढं बसलेल्या घरात मी तो क्वचितच ऐकला आहे.

आता तुमचे अनुभव.

निपाणी

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मी सांगतेय तो सिनेमा आमच्या गावच्या टॉकीजला लागल्याचं कुणाला आठवत नाही. 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा 1982 चा माहितीपट, दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' या गटानं निपाणीतल्याच कामगार बायकांबरोबर केलेला. पुरता अर्धा तासही नाही. वखारीत काम कसं चालतं, बायका एकत्र कशा आल्या, संघटना कशी उभी राहिली, हे त्या बायकाच सांगतात. बोली आमची, लुगडी आमची.

मी तो आईला फोनवर दाखवला. तिनं फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. बराच वेळ काही बोलली नाही. पडद्यावर तंबाखूची धूळ उडायला लागली तसा तिचा हात आपोआप पदराकडं गेला आणि पदर नाकावर आला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, शेगडीवर डाळ शिजत होती, आणि ही नाक झाकून बसलेली. मग म्हणाली, "वास येत न्हाई बघ ह्यात. वास आला असता तर तू दोन मिन्टंबी बसली नसतीस." ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून मी थांबवून थांबवून चेहरे दाखवत होते, पण तिचं लक्ष सगळं हातांवर. "ही नवी हाय. हिचा हात बसला न्हाई अजून."

निपाणी म्हटलं की 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन निघतं, शरद जोशी, हायवेवरचा रास्ता रोको, गोळीबार. ते आठवायलाच पाहिजे. पण त्याच सुमाराला वखारीच्या आत बसलेल्या बायकांनी मालकाशी बोलायचं धाडस केलं, त्याची आठवण गावात तेवढी निघत नाही. हा सिनेमा नसता तर माझ्या मुलीला मी काय दाखवलं असतं?

नंतर 'कोर्ट' पाहिला. गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष द्यायला उभी राहते, त्या दृश्यात ती रडत नाही, कुणावर ओरडत नाही, विचारलं तेवढं सांगते. कष्टाची माणसं खरोखर अशीच बोलतात. ज्या सिनेमात अशी बाई छाती बडवून घेते तो मला आता पाहवत नाही.

टिळकवाडी, बेळगाव

मी इंजिनिअरिंगला आहे, गिटार वाजवतो. आमच्या ग्रुपमध्ये मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी अशी सगळी पोरं. आम्हाला एकत्र आणलं ते रघु दीक्षितच्या गाण्यांनी. शिशुनाळ शरीफ हे हावेरीकडचे, एकोणिसाव्या शतकातले संतकवी. त्यांची तत्त्वपदं हा माणूस आजच्या वाद्यांवर गातो. माझ्या घरी आजोबा भजनी मंडळात, त्यामुळं 'लोकद काळजि' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ नीट कळायच्या आधीच ताल ओळखीचा वाटला. शब्द मित्राच्या आईनं समजावून सांगितले, भाकऱ्या थापता थापता. तिला ते सगळं पाठ होतं, आणि तेही बँडवाल्या चालीत नव्हे, तिच्या आजीच्या चालीत. खरं सांगायचं तर मला तिची चाल जास्त आवडली.

दुसरा बँड स्वरात्मा. त्यांचं 'प्यासी' कावेरीवरचं आहे. पण इथं म्हादई नदीच्या पाण्याचा विषय निघाला की आमच्यातला कुणीतरी तेच वाजवायला घेतो.

मराठीत 2024 ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' आलं, बाहेरच्या देशांतल्या डीजेंनी वाजवलं, आनंद झालाच. बीट जबरदस्त. पण माझ्या कानात जास्त टिकला तो अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. तो वऱ्हाडी सोडत नाही, आणि रॅपमध्ये राग खरा वाटायचा असेल तर तो घरच्या बोलीतच यावा लागतो असं माझं ठाम मत आहे. आम्हीपण बेळगावच्या बोलीत एक गाणं करायला घेतलंय, खोलीच्या दारामागं रजई टांगून रेकॉर्डिंग चालू आहे. "काय मर्दा, कुठं चाललास" अशी सुरुवात आहे. यमक जुळायला अवघड जातंय, पण सोडणार नाही.

चिकोडी तालुका

'सैराट' 2016 ला इचलकरंजीत पाहिला, भावकीतली पंधरावीस पोरं टेम्पोनं गेलो होतो. पहिला अर्धा भाग आम्ही खुर्चीत नव्हतोच, नाचत होतो. शेवटाला कुणी कुणाकडं बघितलं नाही, आणि येताना टेम्पोत एक अक्षर कुणी बोललं नाही. आमच्यात जात बघूनच सोयरीक होते, सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी 'मनसु मल्लिगे' आला, एस. नारायण यांनी केलेला कन्नड अवतार. रिंकू राजगुरू तीच, संगीत अजय-अतुलचंच. मी मुद्दाम गेलो. गाणी आवडली, पण करमाळ्याकडची ती उन्हात तापलेली जमीन, ती विहीर, ती ऐटीत फेकलेली भाषा, ते काही येत नाही. माझ्या कानडी मित्राचं म्हणणं उलटं. त्यानं आधी कन्नडच पाहिला आणि त्याला तोच भिडला. यावरून आमचं अजून जुंपतं.

(एक गोष्ट पुष्कळांनी कळवली म्हणून इथं घालतो. आपल्याकडं मराठी सिनेमा लागलाच तर सकाळच्या नाहीतर भर दुपारच्या खेळाला, आणि दुसऱ्या शुक्रवारी उतरतो. नोकरदार माणसानं तो पाहायचा कधी? म्हणून लोक कोल्हापूर गाठतात. तिथं ज्याला जाणं परवडतं तोच मराठी सिनेमाचा प्रेक्षक, असं होऊन बसलं आहे, आणि मला हे फार लागतं.)

खानापूर

आमच्याकडं मराठी वाहिन्या हव्या असतील तर केबलवाल्याला वेगळं सांगावं लागतं. सासूबाई त्यासाठी त्याच्या दुकानात स्वतः गेल्या. म्हणाल्या, "मी पैसे देतो, पण राणा दिसला पाहिजे." राणा म्हणजे 'तुझ्यात जीव रंगला'मधला. 2016 ला सुरू झालेली ही मालिका कोल्हापूरजवळच्या वसगड्यात चित्रित व्हायची. तोपर्यंत मालिकेतली घरं म्हणजे पुण्या-मुंबईचे गुळगुळीत हॉल. इथं अंगण दिसलं, गोठा दिसला, तालीम दिसली. पुढं कट-कारस्थानांत मालिका फार ताणली आणि सासूबाईंनीच ती सोडली.

माझी स्वतःची आवड विचाराल तर 'आभाळमाया'. 1999 ला आली तेव्हा मी कॉलेजात होते. सुकन्या कुलकर्णींची सुधा शिकवायला जाते, घर चालवते, नवऱ्याच्या वागण्यानं मोडते आणि तरी मुलींना घेऊन उभी राहते. बी.एड. करायचा हट्ट मी घरी धरला त्यात त्या सुधाचा वाटा मोठा आहे.

संकेश्वर

मी निवृत्त पोस्टमन. माझी आवड एकच, 'मालगुडी डेज'. शंकर नाग यांनी आगुंब्यात चित्रित केलं, दूरदर्शनवर आलं, त्यावेळी गल्लीत टीव्ही मोजकेच. ज्यांच्या घरी होता त्यांच्या पडवीत आम्ही बसत होतो. स्वामीचे वडील गिरीश कार्नाड, आणि स्वामी झालेला तो मास्टर मंजुनाथ! पोरगं अभिनय करतंय असं कधी वाटलंच नाही.

त्यात पोस्टमनची एक गोष्ट आहे. ज्या घरी लग्न आहे तिथली वाईट बातमी तो लग्न पार पडेपर्यंत खिशात ठेवतो. खात्याच्या नियमानं ते चूकच. पण तार घेऊन दारात उभं राहिलेल्या माणसाच्या पोटात काय कालवतं ते मी जाणतो, आणि ती गोष्ट पाहिल्यापासून मी दारात जाऊन आधी घरच्या माणसांची चौकशी करायचो, मग पिशवीत हात घालायचो.

शंकर नाग 1990 मध्ये दावणगेऱ्याजवळ अपघातात गेले, वय पस्तिशीचं. मराठी रंगभूमीवर त्यांनी काम केलं होतं, '22 जून 1897' या मराठी सिनेमाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. आपल्या पोरांना हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

हुक्केरी तालुका

'जोगवा'बद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. 2009 चा सिनेमा. उपेंद्र लिमयेंना, अजय-अतुलना, हरिहरन आणि श्रेया घोषालना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात. आमच्या दारात परडी घेऊन येणाऱ्या जोगतिणी मी लहानपणापासून पाहिल्या, आई त्यांच्या परडीत जोंधळे घालायची आणि मला पाया पडायला लावायची. देवीला मुली सोडायला बंदी करणारा कर्नाटकचा कायदा 1982 चा. पण ज्या आधीच सोडल्या गेल्या होत्या त्यांचं म्हातारपण आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

त्या सिनेमातलं 'जीव रंगला' हल्ली प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत असतं. गाणं गोड आहे, वाजवणाऱ्यांवर राग नाही. पण ज्या दोघांचं ते गाणं आहे त्यांना लग्न करायची मुभाच नव्हती, देवाच्या नावानं त्यांचं आयुष्य काढून घेतलं होतं. एकदा सिनेमा पुरा बघा आणि मग ऐका.

अथणी

'तिथी' बघा. मंड्याकडचं खेडं, नट सगळे तिथलेच, अभिनय न शिकलेले. एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो आणि अकराव्याच्या तयारीत मुलगा, नातू, पणतू आपापल्या नादात. त्यांची कन्नड आणि आमची कन्नड यांत पुष्कळ फरक, पण सातबाऱ्यासाठी, म्हणजे तिकडच्या पहाणीसाठी, नातवाची जी पळापळ होते ती आमच्या घरचीच. 'देऊळ' आवडलेल्या प्रत्येकाला हा आवडेल.

गोकाक

सगळे सिनेमा-टीव्हीचं लिहिताय, म्हणून मी श्रीकृष्ण पारिजाताचं लिहितो. हा लोकनाट्याचा खेळ कन्नड, आमच्याच भागातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी नावारूपाला आणलेला. पुढं कौजलगी निंगम्मांनी गाजवला. बाई असून उभ्या जत्रेसमोर गाणं आणि अभिनय करायचा, त्या काळात! आमच्या वडिलांनी त्यांना पाहिलं होतं. घरी आम्ही मराठी बोलायचो आणि पारिजात असला की घोंगडी घेऊन सगळे जायचो, उजाडेपर्यंत. सत्यभामा रुसते ती जागा आली की बायका पुढं सरकायच्या. आता रेकॉर्डिंगं मिळतात फोनवर, आवाज फाटका असतो. तरी रुसव्याची ती जागा तेवढी ऐका, आणि शेजारी कुणी कानडी म्हातारी असेल तर तिला घेऊन बसा, ती पुढच्या ओळी आधीच म्हणेल.