आमचीच हळद का घ्यावी, हे गिऱ्हाइकाला कसे सांगावे?

प्रश्न (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा): आमच्या बचत गटातील महिला वायगाव हळद स्वतः उकडून, वाळवून, दळून विकतात. पाकिटावर ‘शुद्ध, नैसर्गिक, उत्तम दर्जा’ असे छापले आहे. तरीही आठवडी बाजारात गिऱ्हाईक पाकीट उलटून भाव पाहते आणि खाली ठेवते. काय लिहावे?

उत्तर १: ताई, हे शब्द प्रत्येक पाकिटावर असल्यामुळे ते कोणी वाचतच नाही. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळाले असून अधिक कर्क्युमिनसाठी, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकासाठी, ती ओळखली जाते. पण ‘कर्क्युमिन’ने गृहिणीला काय कळणार? एकाच मापाच्या वरणात बाजारची आणि तुमची हळद घालून पाहा. तेवढ्याच रंगाला तुमची कमी लागली, तर तेच लिहा.

उत्तर २: मानांकनाचा उल्लेख करण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

उत्तर ३: गिऱ्हाईक कोण, हेही ठरवा. खानावळवाला केवळ भाव पाहतो, त्याचा नाद सोडा. वर्षाची हळद एकदम भरणाऱ्या घरांकडे जा.

प्रश्नकर्ती: काल वरण करून पाहिले. बाजारच्या एका चमच्याचा रंग आमच्या पाऊण चमच्यात आला. आता पाकिटावर ‘एकाऐवजी पाऊण चमचा’ एवढेच छापणार आहोत.