‘पिच’ला मराठीत काय म्हणायचं? (‘बोल्टची खेळपट्टी’ नको आहे)

शब्दजुळारी (प्रश्न)

आयटीआयच्या मुलांसाठी काही इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायच्या आहेत. फिटिंग, दुचाकी दुरुस्ती, कौलारू छप्पर आणि साउंड सिस्टीम असे विषय आहेत. प्रत्येक पुस्तिकेत ‘पिच’ आहे आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. यंत्र-भाषांतराने सगळीकडे ‘खेळपट्टी’ घातलं, त्यामुळे ‘एम१० बोल्टची खेळपट्टी १.५ मिमी’ असं वाक्य तयार झालं आहे. सगळीकडे चालेल असा एक प्रतिशब्द आहे का? नसेल तर कुठे काय लिहावं, आणि चूक झाली तर नुकसान काय होतं, हेही सांगा.

---

आटेबाज

एक शब्द नाही, आणि शोधूही नका. आधी बघायचं की तिथे काय मोजलं जातंय. फिटिंगमध्ये पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. पहिल्यांदा ‘आट्यांमधलं अंतर (पिच)’ लिहा आणि पुढे नुसतं ‘पिच’. दुकानात मुलगा ‘अंतराल’ मागणार नाही, ‘दीडचा पिच द्या’ म्हणेल.

पुस्तिकेत हे मात्र यायलाच हवं: एम१० चा (१० मिमी व्यासाच्या बोल्टचा) नेहमीचा पिच १.५ मिमी, पण दुचाकी-चारचाकीत बारीक आट्याचा एम१० × १.२५ भरपूर सापडतो. दीडचा बोल्ट सव्वाच्या भोकात दोन-तीन फेरे छान जातो आणि मग जड होतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेले, आणि ॲल्युमिनियमचं केसिंग असेल तर काम वाढलंच. हाताने फिरवताना बोल्ट अडला की काढून पिच तपासायचा. टॅप मारण्याआधीच्या (म्हणजे भोकात आटे पाडण्याआधीच्या) भोकाचा हिशोब सोपा आहे, व्यासातून पिच वजा करा. एम१० × १.५ ला ८.५ मिमी, एम८ × १.२५ ला ६.८, एम६ × १ ला ५.

पिच गेज नसेल तर पट्टीने मोजता येतो, पण मुलं एक चूक हमखास करतात. दहा आट्यांची *टोकं* मोजतात आणि दहाने भागतात. दहा टोकांत अंतरं नऊच असतात! एम१० वर ते माप १३.५ मिमी येतं, भागून १.३५, आणि असा पिच कुठल्याच तक्त्यात नाही. अकरा टोकं मोजा, १५ मिमी भरेल.

इंची बोल्टला पिच लिहीतच नाहीत, एका इंचात किती आटे ते लिहितात. पिच हवा असेल तर २५.४ भागिले तो आकडा. अर्धा इंची विटवर्थला (जुन्या ब्रिटिश आट्याला) १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. दोन्ही ‘अर्धा इंची’च, पण एकाचा नट दुसऱ्यावर नीट बसत नाही. आट्याचा कोनही वेगळा आहे, ५५ आणि ६० अंश.

आणखी एक. ‘एका फेऱ्यात जितका सरकतो तो पिच’ ही व्याख्या लिहू नका, ती फक्त एकसरी आट्याला (एकच आटा गुंडाळलेला असतो त्याला) लागू पडते. थ्रीडी प्रिंटरच्या ८ मिमी स्क्रूवर बहुधा चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले असतात. तिथे पिच २ मिमी, पण एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. फेऱ्याला २०० पावलं टाकणारी मोटर आणि दर पावलाची १६ सूक्ष्मपावलं धरली तर मिलिमीटरला ४०० पावलं होतात. ८ च्या जागी २ घातले तर १६०० होतात, आणि १० मिमी सांगितल्यावर टेबल ४० मिमी जाऊन आदळतं.

---

काळी_दोन

गंमत अशी की यंत्राला निम्मी ‘पट्टी’ बरोबर सापडली होती. गाण्यातला पिच मराठीत पट्टीच आहे! ‘तुमची पट्टी कोणती?’ ‘काळी दोन’, म्हणजे पेटीची दुसरी काळी कळ. भांडणातसुद्धा माणूस वरच्या पट्टीत बोलतो. खेळपट्टीतली पट्टी जमिनीची आणि ही पेटीची, पण इंग्रजी शब्द दोन्हीकडे एकच निघाला.

साउंडच्या पुस्तिकेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एका स्वराचा पिच म्हणजे त्याची उच्चनीचता. ती हर्ट्झमधल्या कंपनसंख्येवर ठरते, आणि ४४० हर्ट्झ म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा. गायकाचा पिच म्हणजे तो षड्ज (सा) कुठे धरतो ते, म्हणजे पट्टी. ‘ऑफ पिच’ला सरळ ‘बेसूर’ लिहा.

‘एक सेमीटोन (लगतच्या दोन कळांमधलं अंतर) वर’ याचं ‘एक पट्टी वर’ करायला हरकत नाही, पण उदाहरण नीट द्या. काळी दोनच्या पुढची पट्टी पांढरी तीन आहे, काळी तीन नव्हे. काळी दोनवरून काळी तीनवर गेलात तर तीन सेमीटोन चढता, आणि अंतऱ्यात गायकाचा गळा ताणतो.

सॉफ्टवेअरमध्ये ‘पिच’ आणि ‘स्पीड’ ही वेगळी बटणं असतात. नुसता स्पीड वाढवून दोन सेमीटोन चढवले तर ट्रॅक सव्वाबारा टक्के जलद होतो, चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ३४ सेकंदांत आटपतं. लय तीच हवी असेल तर पिच बदला, स्पीडला हात लावू नका.

---

कौल_आणि_वासे

छपराचं प्रकरण सगळ्यात धोक्याचं, कारण तिथे पिच शब्द दोन तऱ्हांनी वापरतात. आपल्या जुन्या सिव्हिलच्या पुस्तकांत पिच म्हणजे आढ्याची उंची भागिले पूर्ण गाळा (समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर). अमेरिकन पुस्तिकेत उंची भागिले अर्धा गाळा, तेही बारा इंचांच्या हिशोबात, ‘६/१२’ असं.

गाळा ६ मीटर, आढं वळचणीच्या पातळीपासून १.५ मीटर वर. जुन्या पद्धतीने हा पिच १/४. अमेरिकन पद्धतीने ६/१२. छप्पर तेच, कोन सुमारे साडेसव्वीस अंश. आता तुम्ही ‘उतार १/४’ लिहिलंत तर मिस्त्री चारास एक धरणार. तीन मीटरला पाऊण मीटर उंची, कोन १४ अंश. एवढ्या सपाट पाख्यावर कोकणातला वाऱ्याचा पाऊस कौलाच्या सांध्यातून मागे चढतो, आणि वासे-रिपा कुजायला लागल्यावर कळतं. म्हणून अपूर्णांक लिहूच नका. गाळा, आढ्याची उंची आणि कोन असे तीन आकडे द्या.

लोखंडी कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) पानावर ‘पिच’ आला तर तो पुन्हा निराळा, लगतच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर. ते बोल्टच्या व्यासाच्या अडीच पटीपेक्षा कमी ठेवत नाहीत, म्हणजे १६ मिमी बोल्टला ४० मिमी.

बंधाऱ्याचं ‘पिचिंग’ भाषांतरित करू नका, साइटवर सगळे तेच म्हणतात. पाण्याकडच्या उतारावर हाताने रचलेले दगड, आणि खाली वाळू-खडीचा थर. तो थर घातलाच नाही तर पाणी उतरताना दगडांच्या फटीतून माती ओढली जाते आणि पिचिंग खचतं.

---

डांबरट

एक राहिलं. काळा चिकट पिच. हा शब्द मुळातच वेगळा आहे, लॅटिन ‘पिक्स’वरून आलेला. बाकीचे बहुतेक अर्थ रोवणे-ठोकणे-फेकणे या जुन्या इंग्रजी क्रियापदाच्या गोतावळ्यातले. स्टंप रोवतात ती २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटरची जागा त्यातलीच, आणि कौलवाल्यांचं पिचिंगही. (चेंडू ‘पिच झाला’ म्हणजे टप्पा पडला. आणि ‘फुटबॉल पिच’ असेल तर मैदान लिहा, फुटबॉलला खेळपट्टी नसते.)

काळ्या पिचला आपण सरसकट डांबर म्हणतो, आणि सुरक्षेच्या सूचनांत तेच नडतं. रस्त्यावरचं बिटुमेन खनिज तेलातून येतं. कोलटार पिच हा दगडी कोळशाच्या डांबराचं ऊर्ध्वपातन केल्यावर उरणारा गाळ, आणि तो माणसात कर्करोग करणारा म्हणून नोंदलेला आहे. दोन्हीला ‘डांबर’ लिहिलंत तर हातमोजे कुठे सक्तीचे ते वाचणाऱ्याला कळणार नाही. ‘कोळशाच्या डांबराचा पिच’ असं पूर्ण लिहा.

दिसायला तो दगडासारखा, हातोडीने फुटतो, तरी द्रव आहे. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली नरसाळ्यात भरून ठेवलेल्या पिचचे २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले.

---

शब्दजुळारी

सगळ्यांचे आभार, एक शब्द शोधणं सोडलं. साखळीच्या पानावर ‘२४ पिच मोजा’ आहे. तिथे ‘२४ कड्या’ चालेल ना?

---

आटेबाज

चालेल, पण कडी कशाला म्हणायची ते चित्रात दाखवा. बाहेरची एक कडी आणि आतली एक कडी हे दोन पिच होतात. बरेच जण ती जोडी एक धरतात आणि मग दुप्पट लांबी मोजत बसतात. पिनेच्या डाव्या कडेपासून पुढच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत एक पिच. सायकलीला तो १२.७ मिमी, म्हणून २४ पिच नव्या साखळीत ३०४.८ मिमी भरतात. ३०६.३ झाले की साखळी बदला. ३०७.८ पर्यंत थांबलात तर मागची दातेरी चक्रंही झिजलेली असतात, आणि नवी साखळी त्यांच्यावर घसरत राहते. मोजताना साखळी ताणलेली हवी, लोंबती नको.