एच. पायलोरी: दोन कोर्स होऊनही टेस्ट पॉझिटिव्ह, आता पुढे?

स्नेहल_ना
वडील 58 वर्षांचे, ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) अल्सर, आणि जठरात एच. पायलोरी हा जंतू. पहिला कोर्स क्लॅरिथ्रोमायसिन-अमॉक्सिसिलिनचा 14 दिवस, दुसरा लिव्होफ्लॉक्सासिनचा. एकही गोळी चुकली नाही, तरी श्वासाची टेस्ट पॉझिटिव्ह. आता बिस्मथसह चार औषधं लिहून दिलीत. त्यात मेट्रोनिडाझोल आहे; आपल्याकडे जुलाबावर सर्रास तेच देतात, मग लागू पडेल? टेट्रासायक्लीन मिळत नाही, केमिस्ट डॉक्सी (डॉक्सीसायक्लीन) देतो म्हणतो.

औषधशास्त्र
डॉक्सी नको. पायलोरीवर तिचे निकाल टेट्रासायक्लीनपेक्षा कमी येतात. दुसऱ्या दुकानातून मागवा, चार दिवस उशीर परवडतो.

मेट्रोनिडाझोलची शंका रास्त आहे, भारतात रेझिस्टन्स (जंतू औषधाला दाद न देणं) भरपूर आहे. पण क्लॅरिथ्रोमायसिनचं वेगळं: ते जंतूच्या 23एस आरआरएनएला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा भाग) चिकटून काम करतं, त्यात बदल झाला की नीट चिकटतच नाही, डोस वाढवून भागत नाही. मेट्रोनिडाझोलचा रेझिस्टन्स जास्त डोस, सोबत बिस्मथ आणि पूर्ण 14 दिवस यांनी बराचसा ओलांडता येतो. 400 मिग्रॅ दिवसातून दोनदाच दिलं किंवा आठवड्यात थांबवलं, की कोर्स फसतो.

नेहमीचं प्रमाण असं: रॅबेप्राझोल (पीपीआय, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारं औषध) 20 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास, बिस्मथ सबसिट्रेट 120, टेट्रासायक्लीन 500 आणि मेट्रोनिडाझोल 400 मिग्रॅ, तिन्ही दिवसातून चार वेळा. किडनी-लिव्हरचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगाच.

मीरा_क्लिनिकल फार्मसी
टेट्रासायक्लीन दुधाच्या चहासोबत गिळली की कॅल्शियमला बांधली जाते आणि रक्तात कमी पोचते. दूध, दही, अँटासिड, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यापासून दोन तास दूर ठेवा. ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. रात्रीच्या डोसला हे हमखास विसरलं जातं. दारू पूर्ण बंद, कोर्सनंतरही तीन दिवस.

शौच काळी होईल, ती बिस्मथमुळे. मात्र डांबरासारखी चिकट, दुर्गंधी असेल किंवा चक्कर येत असेल तर तो रक्तस्राव समजून थेट हॉस्पिटल गाठा.

गॅस्ट्रो_प
क्लॅरिथ्रो आणि लिव्हो पुन्हा वापरू नयेत. हा कोर्सही फसला तर एन्डोस्कोपीत जठराचा खालचा भाग (अँट्रम) आणि मधला भाग (बॉडी) दोन्हीकडचे तुकडे घेऊन कल्चर (जंतू वाढवून तपासणं) किंवा जनुकीय रेझिस्टन्स तपासणी करून घ्या. अमॉक्सिसिलिनला रेझिस्टन्स क्वचितच होतो, म्हणून 1 ग्रॅम तीनदा आणि व्होनोप्रझान (हेही आम्ल कमी करणारं औषध) 20 मिग्रॅ दोनदा, 14 दिवस, हाही मार्ग आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तरच. रिफाब्युटिन हे अँटिबायोटिक त्यानंतर. ते टीबीच्या औषधांच्या कुळातलं, म्हणून आपल्याकडे आधी टीबी नाही याची खात्री हवी आणि पांढऱ्या पेशींवर लक्ष.

फेरतपासणी अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी, पीपीआय 2 आठवडे बंद ठेवून. श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची (जंतूच्या अंशाची). रक्तातली अँटीबॉडी टेस्ट करू नका, जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते.