फसवणूक नेमकी कोणत्या खुणेने लक्षात आली? औषधे, तपासण्या आणि उपचार : इंदूरकरांचे अनुभव

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले ते लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. मग दोन-चार ओळखीच्या घरांत सहज विषय निघाला आणि लक्षात आले की प्रत्येकाकडे असे काही ना काही आहे; फक्त लाजेपोटी कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी फसवले त्यांचे नाव किंवा दुकान कोणी लिहू नये, ही विनंती. मात्र पहिला संशय कशावरून आला ती खूण जरूर लिहावी, कारण पुढच्या माणसाच्या उपयोगी तीच पडते.

सुरुवात माझ्यापासून करते. माझी आई ७२ वर्षांची असून आम्ही लोकमान्य नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. शेजारच्या काकूंनी मोठ्या आपुलकीने एका वैद्यांच्या पुड्या आणून दिल्या, ३० पुड्यांचे ६०० रुपये. आठवड्याभरात आई जमिनीवर बसून मेथी निवडू लागली आणि आधाराशिवाय उठू लागली. आम्हाला इतका आनंद झाला की पुडीत काय आहे हे विचारण्याचे भानच राहिले नाही. चौथ्या महिन्यात तिचा चेहरा गोल आणि तुकतुकीत दिसू लागला, तेव्हा तब्येत सुधारली म्हणून भेटायला आलेल्यांनी तिचे कौतुकच केले. पुढे बांगडी नुसती घासली तरी मनगटावर जांभळा डाग पडू लागला आणि एका गोळीवर आटोक्यात असलेली साखर २८० वर गेली.

आमच्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, कुठली पुडी घेता का?" सांधेदुखीच्या अशा निनावी पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेले असते, असे त्यांनी समजावले. त्याने सूज आणि वेदना झपाट्याने उतरतात, पण साखर वाढते, त्वचा पातळ होते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड संप्रेरके तयार करण्याची क्षमता मंदावते. त्यामुळे पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. आईला मोजून-मापून गोळी देत ती कित्येक आठवड्यांत उतरवत आणावी लागली.

खूण आमच्या डोळ्यांसमोरच होती. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली राखाडी भुकटी, आणि त्यावर एक अक्षरही नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधावर, मग ते आयुर्वेदिक का असेना, घटक, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला असावा लागतो. मला पुढे कळले की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, याच्या कलम २६ नुसार कोणीही ग्राहक ठरलेले शुल्क भरून विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मी मात्र उरलेल्या पुड्या रागाच्या भरात कचऱ्याच्या गाडीत टाकून दिल्या होत्या. त्या ठेवल्या असत्या तर आज हातात पुरावा असता, हे मला अजून सलते.

आता आपण लिहावे.

सुदामा नगर, गृहिणी, वय ५८

ताई, तुमच्या आईंना लवकर आराम पडो. आमच्या वसाहतीत एका रविवारी मोफत आरोग्य शिबिर झाले. एका टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याला वायरने जोडलेली पितळी रंगाची एक कांडी. ती कांडी मुठीत एक मिनिट धरायची की लगेच पस्तीस पानांचा अहवाल छापून येई. त्यात हृदय, यकृत, हाडांतील कॅल्शियम, जीवनसत्त्वे, ॲलर्जी, स्मरणशक्ती असे सारे काही होते. रक्ताचा थेंब नाही, सुई नाही, म्हणून आम्हा बायकांना ते फार सोयीचे वाटले. माझ्या अहवालात नऊ ठिकाणी लाल खुणा होत्या आणि त्यावर उपाय म्हणून ८,४०० रुपयांच्या पावडरी सुचवल्या होत्या.

पैसे देण्यासाठी मी सुनेला हाक मारली. ती पाने चाळत असताना स्त्रीरोगाच्या पानावर थांबली आणि म्हणाली, "आई, इथे तुमचे गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही उत्तम लिहिले आहे." माझे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये २०११ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेली आहेत. ते पान मी त्या तरुणासमोर ठेवले तेव्हा तो म्हणाला की यंत्र ऊर्जा मोजते. मी तिथेच सर्वांना मोठ्याने सांगितले. तरीही माझ्यानंतर रांगेतल्या तिघींनी पावडर घेतलीच, कारण शिबिर "मोफत" होते आणि रिकाम्या हाताने परतणे त्यांना अवघड वाटले. त्या डब्यांच्या मागे बारीक अक्षरांत "औषधी वापरासाठी नाही" असे छापलेले होते. असे पूरक पदार्थ औषधांत नव्हे तर अन्नात मोडतात, आणि हे वाक्य वेष्टनावर छापण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. दुखणे बरे होईल असे तोंडाने सांगायचे आणि डब्यावर मात्र औषध नाही असे लिहायचे, ही विसंगती ज्याने त्याने स्वतःच पाहायला हवी.

वैशाली नगर, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक

माझा अनुभव सरळ फसवणुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पण त्याने आमच्या घराचा दीड महिना खाल्ला. माझ्या धाकट्या बहिणीने, वय ४४, फोनवरून आलेल्या सवलतीत १,२९९ रुपयांना ७२ तपासण्या करून घेतल्या. त्यात सीए-१२५ नावाची तपासणी होती आणि तिचा आकडा मर्यादेपेक्षा थोडा जास्त आला. कर्करोगाच्या खुणा दाखवणारी तपासणी म्हणून हिचे नाव सर्वत्र झालेले आहे. पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. अखेर सोनोग्राफीत गर्भाशयातील साध्या गाठी निघाल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले की हा आकडा अशा गाठींत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या आतल्यासारखे अस्तर बाहेर वाढते तो विकार), इतकेच काय पाळीच्या दिवसांतही वाढतो, आणि काही तक्रार नसलेल्या स्त्रियांमध्ये सरसकट करण्याची ही तपासणी नव्हे.

माझ्या विषयाच्या अंगाने एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. अहवालात जी "सामान्य मर्यादा" छापतात ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. याचा अर्थ पूर्ण निरोगी असलेल्या वीस माणसांपैकी सरासरी एकाचा आकडा त्या मर्यादेबाहेर पडतो. आता एकाच निरोगी माणसाच्या वीस तपासण्या केल्या, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के होते. प्रत्यक्षात तपासण्या इतक्या स्वतंत्र नसतात, म्हणून हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. तरीही तपासण्या वाढवल्या की निष्कारण लाल आकडे वाढतात, हे मात्र खरे.

खूण विचाराल तर ती अशी : फोन करणाऱ्या मुलीने आमच्या बहिणीला "आपल्याला काय त्रास होतो?" असे एकदाही विचारले नव्हते.

मल्हारगंज, एका मुलीचे मामा

हे लिहिताना माझा हात जड होतो आहे. माझी भाची १३ वर्षांची असून तिला वयाच्या नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. यात स्वादुपिंड इन्शुलिन जवळजवळ तयारच करत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावेच लागते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी हा आजार झालेली मुले फार काळ जगत नसत. हे सारे आम्हाला तेव्हा सांगितलेले होते. पण रोज चार वेळा पोरीला सुई टोचताना आईबापांचे काळीज कसे होते, हे ज्याचे त्यालाच कळते.

घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाने एक पत्रक आणले : "सर्व प्रकारची शुगर ९० दिवसांत मुळापासून नाहीशी, सुईपासून कायमची सुटका." काढा सुरू झाला आणि देणाऱ्याच्या सांगण्यावरून इन्शुलिन थांबवले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, त्या पित्ताच्या समजल्या गेल्या. रात्री मी गेलो तेव्हा ती खोल आणि भराभर श्वास घेत होती व तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी या अवस्थेला, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याला, कीटोॲसिडोसिस म्हणतात असे सांगितले आणि आणखी काही तास गेले असते तर काय झाले असते तेही सांगितले.

मी ते पत्रक जपून ठेवले आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे आणि ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास त्याने बंदी केली आहे, त्यांच्या यादीत मधुमेह स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे ते पत्रक वाचतानाच, काढ्याचा थेंबही पोटात जाण्यापूर्वी, आम्हाला कळायला हवे होते. टाइप २ मध्ये भरपूर वजन उतरवल्यावर काहींची साखर औषधाविना ताब्यात राहते, हे मला ठाऊक आहे. अशा ऐकीव उदाहरणांवरच ही पत्रके चालतात. म्हणून ज्यांच्या घरी इन्शुलिनवरचे मूल आहे त्यांना हात जोडून सांगतो की डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक मात्राही चुकवू नका.

साउथ तुकोगंज, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

रंग उजळण्यासाठी मैत्रिणीने सुचवलेले मलम मी सात महिने लावले. थांबवले की चेहरा लाल होऊन आग होत असे, म्हणून पुन्हा लावत असे. त्वचारोगतज्ज्ञांनी नळी हातात घेऊन तिच्यावरची उभी लाल रेघ आणि "क्लोबेटासोल" हे नाव दाखवले. हे तीव्र स्टेरॉइड आहे आणि ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे विकू नये यासाठी असते. मला वाटले होते की ती नक्षी आहे.

पुण्याहून, आईवडील इंदूरला

माझ्या वडिलांना एका प्रतिनिधीने १४,००० रुपयांत "आरोग्य सुरक्षा कार्ड" दिले. बाबा त्याला विमा समजत होते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयाने सांगितले की या कार्डावर फक्त काही ठिकाणी बिलात दहा टक्के सूट मिळते. विमा पॉलिसीवर कंपनीचे नाव आणि त्या योजनेचा युआयएन हा ओळख क्रमांक छापलेला असतो; या कार्डावर तसा क्रमांक नव्हता, हीच खूण. ज्यांनी खरोखर विमा घेतला आहे त्यांना पॉलिसी वाचून न पटल्यास परत करण्यासाठी आता ३० दिवस मिळतात, पण आमचा तो विमाच नव्हता. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, क्रमांक १९१५, तक्रार नोंदवली. आता बाबा इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहेत. २०१९ च्या कायद्याने राहत्या गावी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवली होती, म्हणून ती सापडली.

दवा बाजारात तीस वर्षे काम केलेला औषधविक्रेता

वरचे सारे वाचले. उलट बाजूचाही एक अनुभव लिहितो, कारण संशय चुकीच्या जागी घेतल्यानेही माणूस जातो. आमच्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे एक अण्णा जनऔषधी केंद्रातून तेच औषध घेऊ लागले. पट्टी पाचपट स्वस्त मिळाली, तेव्हा त्यांना ती बनावट वाटली. त्यांनी कोणाला न विचारता गोळी बंद केली आणि दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. किंमत ही खूण नव्हे. घटकाचे नाव आणि मात्रा जुन्या पट्टीशी जुळवून पाहावी, मुदत पाहावी, बिल मागावे. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे; तो मोबाइलवर उघडून बॅच क्रमांक पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघावे. दुकानदाराला त्याचा राग येत असेल तर दुकान बदलावे.

लोकमान्य नगर, धागा सुरू करणारी

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे मी आईला वाचून दाखवले. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"त्या पुडीने मला चार महिने गुडघे परत दिले होते, हे कोणी विसरू नका. कुळाचाराला मी सगळ्यांबरोबर खाली पंगतीत बसले, खजराण्याच्या गणपतीला स्वतःच्या पायांनी जाऊन आले. तोंड सुजले आहे हे मला तुमच्या आधी आरशात दिसले होते. पण सांगितले तर पुडी बंद होईल, म्हणून मी बोलले नाही. शेजारच्या काकूंवर रागावू नका, त्या स्वतः तीच घेत होत्या."

हे ऐकून मी त्याच संध्याकाळी काकूंकडे गेले. त्यांचाही चेहरा तसाच गोल दिसत होता. त्यांच्याकडे अजून अकरा पुड्या आहेत. उद्या आम्ही दोघी त्या घेऊन आधी आमच्या डॉक्टरांकडे आणि मग औषध निरीक्षकांच्या कार्यालयात जाणार आहोत.