मदत हवी आहे: रोजच्या वापराचा किल्ट, १३ औंस की १६?

ग्लासगोत सुट्टीच्या दिवशी फिरायला, बाजारहाटाला किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा घागरा) घालायचा आहे. लग्न नाही, समारंभ नाही, आवडतो म्हणून. ‘तू स्कॉटिश नाहीस’, ‘लोक काय म्हणतील’ हे ऐकून झालंय, ते कृपया नको. टार्टन म्हणजे किल्टची चौकड्यांची नक्षी, ती बरेचदा एखाद्या घराण्याची असते; पण माझं ब्लॅक वॉच टार्टन कोणीही घालू शकतं, म्हणजे घराण्याचाही प्रश्न नाही.

अडचण कापडाची आहे. सध्याचा किल्ट ८ यार्डांचा, १३ औंस (एका यार्ड कापडाचं वजन) लोकरीचा. वाऱ्यात मागच्या चुण्या उडतात, बसून उठलं की विस्कटतात. १६ औंसाचं कापड वजनामुळे छान पडतं, पण उन्हाळ्यात तासभर चालल्यावर उकडतं का? की १६ औंसातच ४ यार्डांचा, बॉक्स प्लीटचा (दोन्ही बाजूंनी दुमडलेल्या रुंद चुण्यांचा) शिवून घ्यावा?

आता लांबी. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर हवी, ती २ इंच खाली जाते. किल्टला खाली दुमड नसते, कापडाची मूळ किनारच असते. दुमडून शिवली तर चुण्यांचं पडणं बिघडतं. वरून कापावं तर कंबर ते नितंब हा निमुळता शिवलेला भागच जातो. कोणी वरून कमी करून घेतला आहे का? चुण्या पूर्ण उसवाव्या लागल्या का?

इस्त्रीआधी चुण्यांना कच्चे टाके घालून वर ओलं कापड ठेवतो. टाक्यांच्या किती ओळी पुरतात, २ की ३?